अर्धा पगार, पावसाळा आणि पाच ताटं

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: नवरा किनाऱ्याकडच्या एका हॉटेलात कामाला, जूनपासून सीझन नाही म्हणून चार महिने अर्धा पगार. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची, सासूबाईंना मधुमेह. नवऱ्याला मासळीशिवाय घास उतरत नाही. घर स्वतःचं आहे, मागे थोडं परसू आहे. गॅस धरून खाण्यापिण्यावर महिन्याला आठ हजारांच्या वर जाता येणार नाही. 'काय काय कमी करू, मुलांच्या वाढीला कमी पडू नये म्हणून काय बघू, आणि सासूबाईंना पेज दिली तर चालेल का?'

ताई, मी चोवीस वर्षं आहारसल्लागार म्हणून काम करते, त्यातली बरीच सत्तरी-डिचोलीच्या गावांतच गेली. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी नोकरीत शिकले नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आमचा टिपर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, अंगणात उभा राहिला, त्याच्या कर्जाचा हप्ता मात्र चालू राहिला. माझी नोकरी कंत्राटी, पगार बेताचा. दोन वर्षं त्यावर काढली. २०१८ च्या मार्चात खाणी परत थांबल्या, तोवर टिपर विकून झाला होता. त्या दिवसांत जे जमलं तेही सांगते, जे चुकलं तेही.

'काय कमी करू' हे नंतर बघू. आधी काय कमी करायचं नाही ते ठरवा. कारण आपल्याकडे पैसे आटले की ताटात एक गोष्ट हळूहळू घडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. शीत, म्हणजे भात, तेवढंच राहतं, हुमण, म्हणजे मासळीची कढी, पातळ होत जातं. आधी मासळीचे तुकडे कमी होतात, मग डाळीत पाणी वाढतं, मग नुसती सोलकढी आणि लोणचं. पोट भरतं, म्हणून उपासमार म्हणायची कुणाला सुचत नाही. पण मुलगा वर्षभर त्याच मापाच्या शर्टात राहतो आणि सासूबाईंची साखर वर चढते, कारण ताटात भाताशिवाय काही उरलेलं नसतं. तेव्हा डाळ-कडधान्य, अंडं किंवा मासळी, आणि पाला, या तिघांना हात लावायचा नाही. कात्री दुसरीकडे लावू.

हिशेब रुपयांचा न करता रुपयाला किती मिळतं याचा करा. मी जिथे घेते त्या दुकानातला परवाचा भाव धरते, तुमच्याकडे चार रुपये इकडेतिकडे असतील. कुळीथ १०० रुपये किलो. १०० ग्रॅम कुळथात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे रुपयाला दोन ग्रॅमहून थोडी जास्त. मूग १२० रुपये किलो, त्यात २४ ग्रॅम, म्हणजे रुपयाला दोन ग्रॅम. अंडं सात रुपयांना, आत सहा ग्रॅम, म्हणजे रुपयाला एकाच्या जरा आत. पनीर ४०० रुपये किलो धरलं तर रुपयाला अर्धा ग्रॅमसुद्धा येत नाही. आणि मुलांची उंची वाढवते म्हणून दुधात घालायची जी पावडर असते, तिच्यात साखर किती ते डब्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. एकदा चष्मा लावून वाचा, मग तो डबा परत आणावासा वाटणार नाही.

पाच माणसांना रोज पाव किलो डाळ-कडधान्य लागतं. महिन्याचं साडेसात किलो, साधारण नऊशे रुपये. दोन्ही मुलांना रोज एक अंडं आणि मोठ्यांना मिळून रोज एक, म्हणजे नव्वद अंडी, सव्वासहाशे रुपये. अर्धा लिटर दूध मुलांपुरतं. एवढं आधी बाजूला काढून ठेवा, डब्यावर चिठ्ठी लावून. तेल, गॅस, भाजी, नारळ आणि मासळी उरलेल्यात बसवायची. बसते. बिस्किटं, शेव-फरसाण, बाटलीतलं सरबत आणि संध्याकाळची पाकिटं यांना मात्र जागा उरत नाही. त्याबद्दल मला फारसं वाईटही वाटत नाही.

आता मे आहे, तेव्हा पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची साठवण, भरायला उशीर करू नका. पोर्तुगीज गेले, शब्द राहिला. कोकणात यालाच आगोटीची बेगमी म्हणतात. म्हापशाला शुक्रवारी गेलात तर आमसुलं, चिंच, मिरच्या, कांद्यांच्या माळा, सुकी मासळी सगळं एका फेरीत होतं. कांद्याची माळ पडवीत वाऱ्याला टांगा, चुलीवर नको. सुकी सुंगटं (कोळंबी) घेताना मुठीत घेऊन दाबा. हाताला चिकटली तर नीट वाळलेली नाहीत, जुलैत बुरा धरणार. सुक्या बांगड्यावर मिठाचा पांढरा थर जाड दिसला तर तुम्ही बांगड्याच्या भावाने मीठ घेताय. गालमो, ती बारीक कोळंबी, पाव किलो जास्तच घ्या. ती कशाला ते पुढे सांगते.

कडधान्याची बेगमी मात्र माझ्यासारखी करू नका. २०१३ च्या मेमध्ये स्वस्त मिळालं म्हणून मी वीस किलो मूग आणि दहा किलो चवळी एकदम आणली, तशीच पिंपात ओतली. जुलैच्या मध्यावर झाकण उघडलं तर आतून कुरकुर आवाज येत होता. वरचा थर हलत होता, खाली पिठूळ भुगा, आणि चवळीच्या दाण्यादाण्याला गोल भोक. अर्धं कोंबड्यांनी खाल्लं. अख्ख्या कडधान्यात कीड लवकर पडते, फोडलेल्या डाळीत उशिरा. म्हणून पावसाळ्यासाठी डाळ जास्त घ्या आणि अख्खं धान्य दीड महिन्यापुरतंच. दोन दिवस कडक ऊन दाखवा, पूर्ण गार होऊ द्या (गरम भरलं की डब्यात घाम धरतो), मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. ओल्या हाताने आत हात घालणाऱ्या माणसाला, मग तो नवरा का असेना, डब्यापासून लांब ठेवा.

मासळीचं आता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, त्यामुळे जी ताजी मासळी दिसते ती महागच असते. या दोन महिन्यांत इसवण (सुरमई)-पापलेटाच्या टोपलीकडे बघायचंसुद्धा नाही. घराला मासळी लागते असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याच वेळा तो वास आणि ती चव लागते. ती गालमो देते. दुधी असो, भेंडी असो, केळफूल असो, मूठभर गालमो तव्यावर कोरडी भाजून भाजीत घातली की नवऱ्याचा घास उतरतो, आणि पाच माणसांना पन्नास ग्रॅम पुरते. किसमूर तर तुम्हाला येतंच, तरी माझं माप सांगते: सुक्या सुंगटांची डोकी-पाय काढून ती मंद आचेवर कुरकुरीत भाजायची, बोटांनी चुरायची, त्यात एक कांदा बारीक, दोन मुठी खोबरं, चिमूटभर तिखट आणि चिंचेचा जरासा कोळ. मीठ नाही, सुंगटांत आहे तेवढं पुरे. शीत वाढून झाल्यावरच कालवायचं, आधी कालवलं की मऊ पडतं आणि मुलं तोंड वाकडं करतात. सासूबाईंना रक्तदाबही असेल तर त्यांच्या वाट्याची सुकी मासळी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून पाणी ओतून द्या, आणि आठवड्यातून एकदाच.

ऑगस्टात होड्या बाहेर पडल्या की बांगडे, तारले, पेडवे येतात. तारल्याला काटे फार, पाहुण्यांपुढे कुणी ठेवत नाही, म्हणून तो स्वस्त. पण मुलांच्या मेंदूला आणि मोठ्यांच्या हृदयाला उपयोगी पडणारी जी चरबी आहे, ती या हलक्या मानलेल्या माशात भरपूर असते. चिंच घालून मंद शिजवला की बारीक काटे मऊ होऊन खाता येतात, त्यातून चुनाही (कॅल्शियम) मिळतो. मध्ये श्रावण येईल. श्रावणात मासळी बंद केल्याने पैसे वाचतात हे खरं, पण बऱ्याच घरांत मासळी जाते आणि तिच्या जागी बटाटा येतो. ही बदली चुकीची. मासळीच्या जागी कडधान्य आलं पाहिजे. अळसांद्यांचं तोंडाक, मुगागाठी, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्यांची उसळ. आदल्या रात्री भिजत घातलं की गॅसही निम्मा लागतो.

तांदूळ. रेशनकार्ड प्राधान्य गटातलं असेल तर माणशी पाच किलो तांदूळ जानेवारी २०२३ पासून फुकट आहे, पाच जणांचे पंचवीस किलो. कार्डावर सगळ्यांची नावं आहेत ना ते आधी बघा. सहा वर्षांच्या मुलीचं नाव घालायचं राहून गेलेली घरं मी कितीतरी पाहिली. त्या तांदळात कधी कधी काही दाणे वेगळे, पिवळसर दिसतात. 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून बायका निवडून फेकतात. ते प्लास्टिक नव्हे. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घालून दाण्याच्या आकारात पाडलेले असतात. निवडू नका, आणि तो तांदूळ चारचारदा चोळून धुऊ नका, ओसावूही नका, म्हणजे शिजल्यावर वरचं पाणी काढून टाकू नका.

विकत घ्यायचा तो मात्र उकडाच घ्या. साळ तुसासकट उकडल्यावर कोंड्यातलं बी-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरतं, मग कांडला तरी ते बरंचसं टिकतं. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, त्यांना फक्त उकड्याची पेज पोटाला धरते एवढं ठाऊक होतं. पण आपण उकडा भरपूर पाण्यात शिजवतो आणि ते पाणी मोरीत ओततो, त्यात पाण्यात उतरलेलं सगळं जातं. ती निवळ जरा मीठ घालून अकरा वाजता प्या, नाहीतर त्यातच डाळ शिजवा. उकड्याला गॅस फार लागतो ही तुमची तक्रार असणार. रात्रभर भिजवा, सकाळी एक दणदणीत उकळी आणून झाकण घट्ट लावा आणि भांडं जुन्या चादरीत गुंडाळून अर्धा-पाऊण तास ठेवा. नंतर उरलेलं शिजायला थोडीच आच लागते.

अंदाज एवढाच ठेवा की तीन मुठी तांदळाला एक मूठ डाळ. तांदळात जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत कमी ते तांदळात, म्हणून दोन्ही मिळून प्रथिनं चांगली लागतात. जुन्या पेजेचं कौतुक मीही करते, पण आपल्या आज्या पेज आणि मिठातली कैरी खाऊन शंभर वर्षं जगल्या हे मला पटत नाही. ज्या जगल्या त्या आपल्याला दिसल्या. ज्या तिसऱ्या बाळंतपणात गेल्या त्यांच्याबद्दल कोण बोलतो? पेजेत मूग घाला, वर अंडं द्या, मग ती पेज चांगली.

सासूबाईंचं त्यातच येतं. पेज चालेल, पण उपाशीपोटी वाडगाभर नुसती पेज नको, मऊ शिजलेल्या भाताने साखर पटकन चढते. आधी अर्धी वाटी उसळ किंवा भाजी, मग लहान वाडगं पेज. मुलांना नाचण्याचं तिझन गूळ आणि नारळाचा रस घालून करता ना, त्याच पिठाची सासूबाईंना ताकातली आंबील. १०० ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, तेवढाच दुधातून मिळवायचा तर पाव लिटरहून जास्त लागतं. आणि पैसे नाहीत म्हणून त्यांची गोळी एक दिवसाआड करू नका. मधुमेहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात, तिथून आणा.

भाजीसाठी परसू आहे हे तुमचं मोठं भाग्य. आपली भाजी बेळगावहून घाट उतरून येते. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा दोन दिवसांत गाडे रिकामे झाले आणि ज्यांच्या परसात शेवगा होता ते शांत होते. पहिल्या पावसाआधी शेवग्याची मनगटाएवढी फांदी हातभर खोल पुरा. शेंगांची वाट बघू नका, पाला खा. अष्टमीला आपण ती भाजी एकदा करतो आणि वर्षभर विसरतो. आठवड्यातून दोनदा करा, मुगाची डाळ आणि कांदा घालून. मोरीच्या पाण्यावर अळू लावा. तांबडी भाजी (लाल माठ) पेरली की महिन्याभरात काढायला येते, दर पंधरवड्याला एक वाफा पेरत गेलात तर खंड पडत नाही. मुळासकट उपटू नका, वरून खुडा, परत फुटते.

जूनमध्ये तायकिळा (टाकळा) फुकट उगवतो, पण कोवळा असतानाच; पानं जून झाली की कडू लागतात. तेरं (रानअळू) खाजतं, त्यात आमसूल नाहीतर अंबाडे घातल्याशिवाय मुलांना देऊ नका. अळम्यांच्या (रानातल्या अळंब्यांच्या) भानगडीत मात्र ओळखणारं माणूस बरोबर असल्याशिवाय पडू नका. भाजी विकत घ्यायचीच झाली तर सरकारी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर घ्या, तिथे दर बाजारापेक्षा कमी असतात. सकाळी लवकर जा, दहानंतर नुसता कोबी उरतो.

नारळ आता सोन्यासारखा झालाय आणि आपल्याला रोज एक फोडायची सवय. इथे मी कात्री लावेन. तीन दिवस वाटपाचं, तीन दिवस बिनवाटपाचं. फुटी कढी करा, तिला नारळ नाही लागत. कुळथाच्या पिठीला वरून चमचाभर खोबरं पुरतं. जाडसर हवं असेल तर शिजलेली डाळच थोडी घोटून घाला. पोदेराचा, म्हणजे भोंगा वाजवत दारावर येणाऱ्या पाववाल्याचा, पाव बंद करू नका, मुलांना त्या भोंग्याची वाट बघू द्या, पण चहा-पाव म्हणजे नाश्ता नव्हे. पावाबरोबर पातळ भाजी किंवा अंडं. आणि जेवणाला लागून चहा कुणीच पिऊ नका, पाल्यातलं आणि कडधान्यातलं लोह तो अंगी लागू देत नाही. त्याऐवजी पाल्यावर लिंबू पिळा.

आता एक विचारते. तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. नवऱ्याला काय आवडतं ते आहे, मुलांची वयं आहेत, सासूबाईंचा आजार आहे. घरात पाच माणसं, तुम्ही चौघांचं लिहिलंत.

मी हे टोचून बोलत नाही, मी तेच केलं होतं. २०१३ च्या गणपतीनंतर आमच्याच शिबिरात, रक्त तपासायच्या टेबलापाशी एक बाई घाबरली, तिला धीर यावा म्हणून मी आधी माझं बोट पुढे केलं. हिमोग्लोबिन ८.६. बायकांना बारा लागतं. टेबलापलीकडच्या मुलीने सुई परत टोचून बघितली. मी दिवसभर दुसऱ्यांना लोहाच्या गोष्टी सांगत होते आणि घरी सगळ्यांना वाढून झाल्यावर शीत, तळाचं हुमण आणि मुलाने टाकलेलं बांगड्याचं डोकं एवढंच माझ्या ताटात येत होतं. कुणी मला कमी खा म्हटलं नव्हतं. मासे चार होते आणि माणसं पाच, मी बिनबोभाट हिशेब बसवला होता.

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत आहे. कढईतून थेट वाढायचं नाही. जेवायला बसायच्या आधी पाच ताटं ओट्यावर मांडायची आणि अंडं, मासा, उसळ पाचही ताटांत आधी घालायची. शीत आणि कढी नंतर, ज्याला हवं तेवढं. मासे चार असले तर कापून पाच वाटे करायचे. पहिल्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, 'हे काय, शाळेतल्यासारखं?' दुसऱ्या आठवड्यात त्या स्वतःच माझं ताट मांडू लागल्या. मुलाला एका ताटातला तुकडा लहान वाटला की तो भांडतो, ते भांडण होऊ द्यावं.

तुमच्या दोन्ही मुलांना शाळेत मध्यान्ह आहार मिळत असेल तर तो त्यांना खाऊ द्या, कमीपणा मानू नका, घरून फक्त एखादं केळं किंवा उकडलेलं अंडं द्या. गोवा सरकारच्या गृहआधार योजनेचे महिन्याचे १५०० रुपये तुमच्या नावावर येत असतील तर ते घरखर्चात न मिसळता अंडी-कडधान्याच्या चिठ्ठीच्या डब्यात टाका. येत नसतील आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर अर्ज भरा. आणि सासूबाईंच्या गोळ्या आणायला आरोग्य केंद्रात जाल त्या दिवशी तुमचंही हिमोग्लोबिन बघून घ्या. सकाळी लवकर गेलात तर रांग कमी असते. आकडा दहाच्या खाली आला तर नुसत्या पाल्याने भरून येत नाही, लोहाच्या गोळ्या लिहून देतील. त्या पोटात मळमळतात म्हणून बऱ्याच जणी सोडून देतात. तसं झालं तर रात्रीच्या जेवणानंतर घ्या, पण सोडू नका.